कातडी वरून नाही, आतून फाटते

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी डोंगराची लहान फेरी पायी करून एसटीने नाशिकला परतत होतो. शेजारच्या काकांनी बूट काढला, ओला मोजा ओढून काढला. टाचेच्या मागे रुपयाएवढा फोड, पाण्याने टम्म. "अंगातली उष्णता बाहेर पडते हो, सब्जा प्यायला हवा होता." मागच्या सीटवरून दुरुस्ती आली, "दिवसभर पावसात चाललात ना, तेच पाणी शिरलंय." दोन्ही निदानं चूक!

बूट कातडीला घासतो म्हणून फोड येतो, हेही अर्धंच खरं. कातडी घासून झिजली तर ती सोलवटते. फोडावरची कातडी मात्र शाबूत असते. एक करून पाहा. तर्जनीचं टोक दुसऱ्या हाताच्या पाठीवर दाबा आणि घसरू न देता पुढेमागे हलवा. कातडी बोटाला चिकटून सरकते, खालची हाडं जागच्या जागी राहतात आणि मधल्या थरांची ओढाताण होते. याला म्हणतात कातर बल. बुटात हेच उलट्या बाजूने घडतं. घामट कातडी मोज्याला धरून बसते, मोजा बुटाला, आणि आत टाचेचं हाड पावलागणिक हलत राहतं. लहान फेरी सुमारे २० किलोमीटरची, म्हणजे एकेका पायाची १३-१४ हजार पावलं झाली.

आता फाटतं नेमकं कुठे? बाह्यत्वचेत सगळ्यात वर मृत पेशींचा टणक थर, तळाशी नव्या पेशी तयार करणारा थर, आणि मध्ये काटेरी थर. या काटेरी थरातल्या पेशी डेस्मोसोम नावाच्या टाक्यांनी एकमेकींना शिवलेल्या असतात आणि आतून केराटिन या प्रथिनाचे धागे त्या टाक्यांना ताणून धरतात. हजारो हिसक्यांनंतर पेशीच मोडतात आणि थरात आडवी फट पडते. भाकरीत आधी वाफ धरते, मग पापुद्रा सुटतो. इथे क्रम उलटा. पापुद्रा आधी सुटतो, पाणी मागाहून येतं. हे पाणी ना घाम, ना पाऊस. रक्तद्रवासारखाच, पण कमी प्रथिनांचा द्रव खालच्या ऊतींतून झिरपतो आणि साधारण दोन तासांत फट भरते. पापुद्रा टिकायला वरचा थर जाड लागतो, म्हणून फोड तळव्यांना आणि तळहातांना येतात. मांड्यांना नाही, तिथे कातडी नुसती सोलवटते.

ओलसर कातडीची पकड वाढते, म्हणून त्र्यंबकच्या पावसात पायांचे हाल जास्त. सुती मोजे पाणी धरून ठेवतात. एकावर एक दोन मोजे घातले तर सरकणं त्या दोघांत होतं आणि कातडी वाचते. जिथे नेहमी फोड येतो तिथे निघण्याआधीच औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी लावावी. हजारोंचे बूट घेऊन आदल्या रात्री खोक्यातून काढणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

आलेला लहान फोड फोडू नये. त्या पापुद्र्याइतकं स्वच्छ आवरण दुकानात मिळत नाही. त्याच्याखाली २४ तासांत तळाच्या पेशी जोमाने विभागू लागतात आणि पाचेक दिवसांत नवा टणक थर तयार होतो. फोड मोठा असेल, पाऊल टेकवत नसेल, तर साबणाने धुऊन निर्जंतुक सुईने कडेला टोचावं, पाणी काढावं, पापुद्रा तसाच ठेवून पट्टी बांधावी. सुई-दोरा ओवून दोरा आतच ठेवायचा, हा आपल्याकडचा उपाय म्हणजे जंतूंना घातलेला पूल.

एवढं सांगेपर्यंत काकांनी शर्टाची सेफ्टी पिन काढलीच होती. "साखर आहे का तुम्हाला?" मी विचारलं. "आहे की, दहा वर्षं झाली." मधुमेहात तळव्याची जाणीव कमी होते, जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्ग पटकन वाढतो. तिथे घरगुती शस्त्रक्रिया नकोच. पिन पुन्हा शर्टाला लागली आणि काका एका पायात बूट, एका पायात रुमाल बांधून डॉक्टरांकडे जायला उतरले.