जनुकं कापणारी कात्री मिठागरात सापडली

भाईंदर-उरणच्या मिठागरांत ऊन तापलं की पाणी इतकं खारट होतं, की मिठाला सोकावलेले सूक्ष्मजीवच त्यात तगतात. स्पेनमधल्या सांता पोलाच्या मिठागरातल्या अशाच जिवांवर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को मोहिका काम करत होते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना त्या जिवांच्या डीएनएत तीच ती अक्षरं ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा दिसली. या रचनेलाच पुढे ‘क्रिस्पर’ हे नाव पडलं. जपानात योशिझुमी इशिनो यांनी १९८७मध्येच ई. कोलाय जिवाणूत असला प्रकार नोंदवला होता. अर्थ मात्र लागत नव्हता. मधले तुकडे विषाणूंच्या डीएनएशी जुळतात, हे मोहिकांनी २००५मध्ये मांडलं. जिवाणू जुन्या हल्लेखोरांची नोंद ठेवत होते! दोन वर्षांनी डॅनिस्को कंपनीच्या संशोधकांनी दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंवर प्रयोग करून हे सिद्ध केलं. एवढ्या मोठ्या शोधाचं मूळ मीठ आणि दही, याची मला अजून गंमत वाटते.

डीएनए कापणारी विकरं (एन्झाइम) १९७०पासून माहीत होती, पण ती आपल्या ठरलेल्या अक्षरांवरच कापत. पुढे झिंक फिंगर आणि टॅलेन ही हव्या त्या जागी कापणारी प्रथिनं आली. त्यांत प्रत्येक नव्या जागेसाठी नवं प्रथिन घडवावं लागे. एमान्युएल शार्पांतिये आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२मध्ये ही कटकट संपवली. जिवाणू याच नोंदी वापरून विषाणूंचा डीएनए ज्याने कापतात, ते कॅस९ हे प्रथिन तेच ठेवायचं, फक्त त्याला वाट दाखवणाऱ्या आरएनएची (डीएनएच्या भावंड-रेणूची) वीस अक्षरं बदलायची. शेजारी ‘जीजी’ ही खूण असेल तरच ते डीएनए उलगडून जुळणी तपासतं आणि जुळलं की दोन्ही धागे तोडतं. २०२०चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघींना मिळालं.

खरा बदल घडतो तो तोडल्यानंतर. पेशी घाईघाईत टोकं सांधते, एखाद-दुसरं अक्षर गळतं किंवा वाढतं आणि जनुक बंद पडतं. हवा तो मजकूर घालायचा तर नमुना पुरवावा लागतो. ते जास्त अवघड.

२०२३च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झालेल्या, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या क्रिस्पर उपचारातही चुकलेलं अक्षर दुरुस्त करत नाहीत. रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढून जन्मानंतर मागे पडणाऱ्या गर्भातल्या हिमोग्लोबिनवरचा लगाम तेवढा कापतात, म्हणजे ते पुन्हा बनू लागतं. त्या पेशी परत सोडण्याआधी रुग्णाला जबर केमोथेरपी सोसावी लागते. ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांवरही सिकलसेलचे रुग्ण आहेत. अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत माणशी २२ लाख डॉलर आहे.