बालसंरक्षणाच्या संयुक्त बैठकीचे इतिवृत्त : कोणी लिहायचे, काय लिहायचे, प्रत कोणाला मिळते

एखाद्या मुलाच्या सुरक्षेसाठी शाळा, आरोग्य विभाग, पोलीस आणि समाजसेवा विभाग एकत्र बसतात. बैठक तास-दोन तासांत उरकते, पण पुढचे काही महिने काम चालते ते तिच्या इतिवृत्तावर. म्हणून इतिवृत्ताची कसोटी एकच : बैठकीला नसलेल्या, प्रकरण नव्याने हाती आलेल्या कार्यकर्त्याला ते वाचून उद्या कोणी काय करायचे आहे हे कळते का? कळत नसेल, तर पाने कितीही भरली असोत, इतिवृत्त अपुरेच आहे.

लिहिणारा कोण असावा

अध्यक्ष नको आणि त्या मुलाचे प्रकरण हाताळणारा कार्यकर्ताही नको. अध्यक्षाचे लक्ष चर्चा चालवण्यात असते, आणि स्वतःच्या कामावर झालेली टीका कोणीही नकळत सौम्य करून लिहितो. मनुष्यबळ कमी असेल तर निदान निर्णय आणि कृती अध्यक्षाने बैठकीतच मोठ्याने वाचून दाखवाव्यात. उपस्थितांची दुरुस्ती तिथल्या तिथे होते.

बैठकीआधी जमवायची कागदपत्रे

- मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, प्रकरण क्रमांक; प्रत्येक भावंडाचे तपशील स्वतंत्र
- पालकत्वाचा कायदेशीर हक्क कोणाकडे आहे याची नोंद आणि लागू असलेल्या न्यायालयीन आदेशांच्या प्रती
- घटनाक्रम : तारीख, घटना, माहिती कोणाकडून आली
- प्रत्येक यंत्रणेचा लेखी अहवाल. न येणाऱ्या यंत्रणेचाही
- मागच्या बैठकीचे इतिवृत्त आणि त्यातील कृतींची सद्यस्थिती
- माहिती देण्यास मिळालेली संमती, किंवा संमतीविना माहिती देण्याचा कायदेशीर आधार

यातली दुसरी बाब सर्वाधिक वेळा राहून जाते. मग ज्याला प्रत द्यायची नाही त्याला ती जाते आणि ज्याचा हक्क आहे तो वंचित राहतो.

बैठक चालू असताना

सुरुवातीला उपस्थितांची नावे, पद आणि यंत्रणा लिहा. कोण उशिरा आले, कोण आधी निघून गेले, कोणाला काही भागासाठी बाहेर थांबायला सांगितले, हेही वेळेसह हवे. पुढे ‘हा निर्णय माझ्यासमोर झालाच नाही’ असा वाद झाला, तर ही एक ओळ कामी येते.

शब्दशः सगळे लिहायचे नसते, पण माहिती कुठून आली हे मात्र सुटता कामा नये. प्रत्यक्ष पाहिलेले, ऐकीव आणि मत या तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. ‘आई मुलाकडे दुर्लक्ष करते’ हे मत झाले. ‘या महिन्यात मूल चार वेळा डबा न घेता आले, नोंद वर्गशिक्षिकेची’ ही माहिती. ‘घरची परिस्थिती ठीक वाटते’ यासारखी वाक्ये तर लिहूच नयेत : कोण, कधी गेले होते, काय पाहिले, मुलाशी एकट्याने बोलले का, यातले काहीच त्यातून समजत नाही.

मुलाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत घ्यावे. मुलाशी कोणी बोललेच नसेल तर तसे स्पष्ट लिहून कारण द्यावे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेचे कलम १२ मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देते, आणि तो पाळला गेला की नाही हे पुढे कागदावरूनच तपासले जाते.

मतभेद ‘चर्चेअंती एकमत झाले’ या वाक्याखाली झाकू नका. कोणाचा विरोध होता, कशामुळे, हे पदासह नोंदवा. निर्णयासोबत कारण लिहा आणि कोणता पर्याय का नाकारला हेही लिहा. निर्णय चुकीचा ठरला तरी तो त्या दिवशी कोणत्या माहितीवर घेतला होता हे मग दिसते.

आता कृती. प्रत्येक कृतीला एक व्यक्ती, एक तारीख आणि ती वेळेत झाली नाही तर काय, हे तीन रकाने हवेत. ‘शाळा लक्ष ठेवेल’ ही कृतीच नव्हे. शाळेतले कोण, आठवड्यातून किती वेळा, नेमके काय पाहणार आणि काही आढळल्यास त्याच दिवशी कोणाला कळवणार, असे लिहिले तर ती कृती. इंग्लंडमध्ये आठ वर्षांच्या व्हिक्टोरिया क्लिम्बीचा फेब्रुवारी २०००मध्ये छळातून मृत्यू झाला. त्याआधी समाजसेवा विभाग, पोलीस आणि रुग्णालये यांचा तिच्याशी संबंध आलेला होता. या मृत्यूची चौकशी करणाऱ्या लॉर्ड लेमिंग यांच्या अहवालात (२००३) १०८ शिफारशी आहेत. ‘ते दुसरी यंत्रणा पाहते आहे’ हा समज अशा प्रकरणांत फार घातक ठरतो, आणि नाव-तारखेचा रकाना तो मोडतो.

बैठकीनंतरचे टप्पे

निर्णय आणि कृतींचे एक पान लगेच, शक्यतो दुसऱ्याच दिवशी पाठवावे. पूर्ण इतिवृत्ताची वाट पाहू नये. इंग्लंडच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली बालसंरक्षण परिषद (म्हणजे अशी संयुक्त बैठक) धोरण-चर्चेपासून (धोका दिसल्यावर पुढे काय करायचे हे यंत्रणा ठरवतात ती चर्चा) १५ कामकाजाच्या दिवसांत, मुख्य गटाची (ठरलेली योजना प्रत्यक्षात राबवणाऱ्यांची) बैठक परिषदेनंतर १० कामकाजाच्या दिवसांत, पहिला आढावा तीन महिन्यांत आणि पुढचे जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या अंतराने होतात. इतिवृत्त तीन आठवड्यांनी हाती पडले, तर मुख्य गट कागदाविनाच बसलेला असतो.

मसुदा अध्यक्ष तपासतात. कोणी दुरुस्ती सुचवली तर जुना मजकूर पुसू नये. आवृत्ती क्रमांक आणि तारीख घालून बदल दाखवावा. अध्यक्षांना दुरुस्ती मान्य नसेल तर आक्षेप परिशिष्टात जोडावा. ध्वनिमुद्रणावरून आपोआप तयार झालेला मजकूर इतिवृत्त म्हणून दाखल करू नये : त्यात नावे चुकतात, ‘नाही’ गळते, आणि निर्णय कुठला तेच शोधावे लागते. भावंडे असतील तर प्रत्येकाच्या फाइलमध्ये त्याच्यापुरती स्वतंत्र नोंद हवी, नाहीतर शांत राहणारे मूल मोठ्या भावाच्या प्रकरणात हरवते.

प्रत कोणाला, अर्ज कसा

निमंत्रित यंत्रणांना प्रत ठरलेल्या यादीनुसार जाते. पालकांना द्यायची प्रत मात्र स्वतंत्रपणे वाचून तयार करावी. कौटुंबिक हिंसाचारातून बाहेर पडलेल्या आईचा नवा पत्ता, मुलाच्या नव्या शाळेचे नाव, तक्रार करणाऱ्याची ओळख या गोष्टी निष्काळजीपणे दुसऱ्या पालकाच्या हाती पडतात, आणि त्यातून होणारी हानी भरून येत नाही. मजकुरावर काळी पट्टी ओढणे पुरेसे नाही. काही फाइलींत पट्टीखालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. तो काढूनच टाकावा. पाठवण्यापूर्वी ईमेलने आपोआप भरलेला पत्ता तपासावा.

मूल स्वतः, पालकत्वाचा हक्क असलेली व्यक्ती, त्यांचे वकील आणि संस्थेत वाढून आता प्रौढ झालेली व्यक्ती प्रतीसाठी अर्ज करू शकतात. सोबत ओळखपत्र, नाते किंवा पालकत्वाचा पुरावा, प्रतिनिधी असल्यास अधिकारपत्र, आणि बैठकीची तारीख किंवा अंदाजे कालावधी द्यावा. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नियमांनुसार उत्तर एका महिन्यात द्यावे लागते, गुंतागुंतीच्या अर्जात ही मुदत आणखी दोन महिन्यांपर्यंत वाढवता येते. हा हक्क स्वतःच्या माहितीपुरता असल्याने इतरांविषयीचा मजकूर वगळलेला मिळू शकतो. अर्ज अडकतो तो बहुधा पालकत्वाच्या पुराव्याअभावी किंवा ‘सगळी फाइल द्या’ अशा मोघम मागणीमुळे. विशिष्ट बैठक आणि निर्णय नमूद केला तर शोध लवकर लागतो.