आर्सेनोकोइताय

आर्सेनोकोइताय (एकवचनी आर्सेनोकोइतेस) हा नव्या करारातील ग्रीक शब्द. समलैंगिकतेविषयीच्या ख्रिस्ती चर्चेत याच्याइतका खल फार थोड्या शब्दांवर झाला आहे. तो नव्या करारात दोनदाच येतो: करिंथकरांस पहिले पत्र ६:९ आणि तीमथ्याला पहिले पत्र १:१०. दोन्हीकडे तो दुराचाऱ्यांच्या यादीतला एक शब्द आहे. त्याचा खुलासा कुठेच नाही. ही पत्रे ज्याच्या नावावर आहेत त्या पौलाच्या आधीच्या ग्रीक लेखनात तो खात्रीने दाखवता आलेला नाही. त्यामुळे अर्थ ठरवताना शब्दाची घडण, यादीतले शेजारी शब्द आणि नंतरच्या लेखकांचा वापर एवढाच आधार उरतो.

‘आर्सेन’ म्हणजे पुरुष आणि ‘कोइते’ म्हणजे शय्या, त्यावरून शरीरसंबंध. सेप्टुआजिंट या हिब्रू शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरात लेवीय या नियमांच्या पुस्तकात, पुरुषाने पुरुषाशी निजण्याचा निषेध करणाऱ्या २०:१३ या वचनात, ‘आर्सेनोस कोइतेन’ हे दोन शब्द लागोपाठ आले आहेत. पौलाचा शब्द याच वचनावरून बेतला गेला असावा, असे अभ्यासक डेव्हिड राइट यांनी १९८४ मध्ये मांडले. त्याआधी १९८० मध्ये इतिहासकार जॉन बॉस्वेल यांनी त्याचा अर्थ देहविक्रय करणारे पुरुष असा लावला होता. डेल मार्टिन यांचा आक्षेप वेगळा आहे: जोडशब्दाचा अर्थ नेहमी त्याच्या घटकांच्या बेरजेइतकाच नसतो. सिबिलीय वाणी या प्राचीन ग्रीक भविष्यवाणी-काव्यसंग्रहाच्या दुसऱ्या भागात याच शब्दाचे क्रियापद आर्थिक अन्यायाच्या पापांमध्ये येते, म्हणून त्यात शोषणाची छटा असावी, असे ते म्हणतात. तीमथ्याच्या पत्रात लगेच पुढे ‘आंद्रापोदिस्ताय’, म्हणजे माणसांचा व्यापार करणारे, येतात. रॉबिन स्क्रॉग्ज यांनी त्यावर भर दिला. दुसरीकडे, सहाव्या शतकातील कॉन्स्टँटिनोपलचे धर्मप्रमुख जॉन द फास्टर यांच्या नावावरील प्रायश्चित्त-नियमांत हे पाप पुरुष आपल्या पत्नीशीही करतात, असे म्हटले आहे. म्हणजे तोवर अर्थ बराच सैल झाला होता.

लेवीयाशी असलेला दुवा भक्कम आहे आणि तो नाकारून वाद जिंकता येत नाही. पण हा दुवा एका कृतीकडे बोट दाखवतो, आज ‘समलिंगी’ म्हणतो त्या प्रकारच्या व्यक्तीकडे नव्हे. जर्मन भाषेत ‘होमोसेक्शुअल’ हा शब्दच १८६८-६९ मध्ये कार्ल मारिया केर्टबेनी यांच्या लेखनातून पुढे आला.

करिंथकरांच्या पत्रात याच्या आधी ‘मालाकोइ’ हा शब्द आहे. मूळ अर्थ मऊ; मत्तय ११:८ मध्ये तो वस्त्रांसाठी वापरला आहे. माणसासाठी तो ऐषारामी, संयम नसलेला, बायकी अशा अर्थांनी येई आणि पुरुषसंबंधात स्त्रीची भूमिका घेणाऱ्यालाही लागे. व्हल्गेट या लॅटिन बायबलात ‘मोलेस’ आले, आणि मध्ययुगीन नीतिशास्त्राने त्याच धातूवरून हस्तमैथुनाच्या पापाला नाव दिले.

भाषांतरांचा इतिहास या दोन शब्दांभोवती फिरतो. ल्यूथरने आर्सेनोकोइतायसाठी ‘मुलांना भ्रष्ट करणारे’ अशा अर्थाचा जर्मन शब्द घेतला. १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीत ‘पुरुषांशी गैरवर्तन करणारे’ अशा धर्तीची शब्दरचना आहे. १९४६ च्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनने दोन्ही शब्द मिळून एकच इंग्रजी शब्द घातला: होमोसेक्शुअल्स. १९५९ मध्ये एका सेमिनरी (धर्मशिक्षण संस्थेतील) विद्यार्थ्याने या भाषांतर समितीचे अध्यक्ष ल्यूथर वाइगल यांना पत्र लिहून हरकत घेतली. १९७१ च्या आवृत्तीत ‘लैंगिक विकृत’ अशा अर्थाचे शब्द आले, तेही बोचरेच. न्यू इंटरनॅशनल व्हर्जनने २०११ मध्ये ‘पुरुषांशी संभोग करणारे पुरुष’ असे कृतिवाचक रूप स्वीकारले आणि हे दोन ग्रीक शब्दांचे भाषांतर असल्याचे तळटिपेत सांगितले.

म्हणूनच कोणतीही आवृत्ती हाती घेताना आधी तळटीप पाहावी, मग दोन शब्द वेगळे ठेवले आहेत की एकत्र केले आहेत ते तपासावे, आणि शेवटी तीमथ्याच्या पत्रातला शब्द त्याशी जुळतो का ते बघावे.

चुका दोन्ही बाजूंनी होतात. ‘१९४६ पूर्वी बायबलमध्ये हा निषेध नव्हताच’ हे विधान टिकत नाही. आधीच्या भाषांतरांतही पुरुषांमधल्या संबंधांचा निषेध स्पष्ट आहे. आज प्रार्थनासभेत बसलेला, कोणाशीही संबंध न ठेवणारा समलिंगी तरुण या यादीत मोडतो, असे व्यासपीठावरून सांगणे हीदेखील चूकच, आणि ती जास्त घातक, कारण ती माणसाला घर आणि मंडळी दोन्हींपासून तोडते. कॅथलिक शिक्षणग्रंथ संबंधांना अनुचित ठरवतो, तरी अशा व्यक्तींना आदराने, करुणेने वागवावे असे बजावतो.

आणखी एक गफलत ‘अमंगळ’ या मराठी वाचकाच्या ओळखीच्या शब्दाची. याच संबंधांचा निषेध करणाऱ्या लेवीय १८:२२ मधील हिब्रू शब्द ‘तोएवा’ आहे. ‘कोळंबी खाणेही तितकेच अमंगळ’ असा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. पण खवले-पर नसलेल्या जलचरांसाठी लेवीय ११ मध्ये ‘शेकेत्स’ हा निराळा शब्द आहे. अर्थात, जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकात १४:३ मध्ये निषिद्ध अन्नालाही ‘तोएवा’ म्हटले आहे, आणि त्याच पुस्तकात २५:१६ मध्ये खोटी वजने वापरणाऱ्यालाही.