‘हात’ म्हणजे नेमकं कुठे? हातापायाच्या एक्सरेला येण्याआधी वाचावं असं

चिठ्ठीवर ‘एक्सरे, उजवा पाय’ एवढंच असतं. टेबलावर बसलेल्याला विचारावं, पाय म्हणजे कुठे? उत्तर येतं, ‘पायच. पूर्ण पाय दुखतोय.’

मराठीत ही एक पंचाईतच आहे. पाऊल म्हणजेही पाय आणि मांडी म्हणजेही पाय. बोटांच्या टोकापासून खांद्यापर्यंत सगळा हात. बोलताना त्याने काही अडत नाही, आमच्या यंत्रापुढे मात्र अडतं. एक्सरेचे किरण एका लहान बिंदूतून निघून पसरत जातात. जे हाड बघायचं ते बरोबर मध्यावर आलं तरच त्याचं चित्र खरं उमटतं. कडेला आलेलं हाड तिरकं, ताणल्यासारखं दिसतं आणि केसासारखी बारीक चीर अशा चित्रात सहज लपते. ‘पूर्ण पायाचा एकच मोठा काढून टाका’ ही सूचना आम्हाला रोज मिळते. ती न मानण्याचं कारण हेच, जास्त फिल्म खपवायचा हेतू नाही.

म्हणून एकच विनंती. येण्याआधी दोन मिनिटं शांत बसा आणि सगळ्यात जास्त कुठे दुखतं ते एका बोटाने शोधून ठेवा. बोटाने, तळहाताने नाही. तळहात फिरवून ‘इथून इथपर्यंत’ म्हटलं की त्यात चार-पाच हाडं आणि दोन सांधे येतात. सूज बघूनही ठरवू नका. सूज आणि काळंनिळं रक्त खाली उतरत जातं. मार घोट्याला लागलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी निळी झालेली असतात पायाची बोटं. हलकेच दाबल्यावर ज्या ठिकाणी जीव कळवळतो ती जागा आम्हाला हवी. ती दाखवलीत की आम्ही तिथे कातडीवर शिशाची एक छोटी खूण चिकटवतो. फिल्मवर ती पांढरी दिसते आणि डॉक्टरांची नजर आधी तिथे जाते. दहा सेकंदांचं काम आहे, पण गर्दीच्या ठिकाणी ते होत नाही. आमच्याकडे प्रत्येकासाठी होतं.

बोटाने चाचपण्याला कमी लेखू नका. मनगटाजवळच्या ज्या फ्रॅक्चरला आजही ‘कॉलिस’ म्हणतात, त्याचं वर्णन डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली लिहिलं. राँटगेन यांना एक्सरे सापडले १८९५ च्या नोव्हेंबरात. म्हणजे मधली ८१ वर्षं डॉक्टर ते फ्रॅक्चर नजरेने आणि बोटांनीच ओळखत होते.

घोट्याचं तर याहून पुढे गेलं आहे. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली मुरगळलेल्या घोट्यासाठी काही नियम मांडले. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या खालच्या ६ सेंटीमीटरमध्ये, मागच्या कडेला किंवा टोकावर दाबलं की दुखतं का? पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या लांब हाडाच्या बुडाशी दुखतं का? पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या वरच्या हाडावर? मार लागल्यावर लगेच किंवा नंतर डॉक्टरांसमोर चार पावलं टाकता आली का? तपासून डॉक्टरांचं समाधान झालं तर बहुतेक वेळा एक्सरेची गरजच उरत नाही. एक्सरेवाल्याने हे छापायचं नसतं खरं तर, पण विनाकारण आलेल्या माणसाचा वेळ जातो आणि त्याच्यामागे मोडका हात धरून बसलेल्याचाही. हा निर्णय मात्र डॉक्टरांचा. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झाली असेल तर हे नियम स्वतःवर अजिबात लावू नका.

आता आमचीच एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात घोटा मुरगळलेले एक गृहस्थ आले. चिठ्ठीवर घोटा, सूज घोट्याला, आम्ही घोट्याचा काढला. मोडलेलं काही दिसलं नाही. निघताना ते सहज म्हणाले, ‘गुडघ्याखाली पण जरा ठणकतंय, पण ते काय, मुका मार असेल.’ आम्हीही मान डोलावली. चार दिवसांनी डॉक्टरांनी परत पाठवले ते त्या ‘जरा’साठीच. पोटरीच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड वर, गुडघ्याच्या जवळ मोडलेलं. घोटा जोरात पिळला की तो जोर दोन हाडांमधल्या पडद्यातून वर चढतो आणि हाड भलतीकडेच मोडतं. याला मेझोन्यूव्ह फ्रॅक्चर म्हणतात. ते असलं तर घोट्याचे बंध फाटलेले असण्याची शक्यता बरीच, आणि कित्येकदा ऑपरेशन करून घोट्यात स्क्रू घालावा लागतो. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला विचारतो, ‘अजून कुठे?’ कंटाळू नका. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय आम्ही आपल्या मनाने जास्तीची फिल्म काढत नाही. फोन करतो, म्हणून कधी पाच मिनिटं थांबावं लागतं.

कुठे दुखतं याच्या जोडीला कसे पडलात तेही सांगा. ‘पडलो’ एवढं पुरत नाही. हात पुढे टेकून पडलात की कोपरावर? पाय आत वळला की बाहेर? फिट येऊन किंवा विजेचा झटका बसून खांदा दुखत असेल तर ते आवर्जून सांगा, कारण अशा वेळी खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो आणि समोरून काढलेल्या फिल्ममध्ये तो जवळजवळ जागेवर असल्यासारखा दिसतो. काखेतून किंवा बाजूने काढलेली फिल्म लागते. ती काढताना हात थोडा उचलावा लागतो, दुखतं, तरी सहन करा.

‘दोन-दोन फिल्म कशाला?’ हाड गोल आहे, फिल्म सपाट. समोरून सरळ दिसणारं हाड बाजूने बघितलं की अर्धं मागे सरकलेलं असतं. सांध्यांचंही तसंच. कोपर ते मनगट या भागातलं एक हाड मधोमध मोडलं की दुसऱ्या हाडाचं वरचं टोक कोपरात निखळलेलं असू शकतं. कोपर फिल्मवर आलंच नाही तर कळणार कसं? म्हणून वरचा आणि खालचा सांधाही घ्यावा लागतो. जास्त फिल्म म्हणजे जास्त किरण अशी भीती वाटत असेल तर, हाता-पायाच्या एका फिल्मचा किरणांचा डोस साधारण ०.००१ मिलिसिव्हर्ट (हे त्या डोसचं माप) असतो. निसर्गातून माणसाला तेवढा डोस तीन-चार तासांत मिळून जातो. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल तर तरीही आधी सांगा.

ज्यावरून आमच्याशी सर्वांत जास्त वाद होतो ती गोष्ट म्हणजे दहा-चौदा दिवसांनी परत काढायला सांगितलेला मनगटाचा एक्सरे. ‘पहिला नीट काढला असता तर दुसरा लागला नसता.’ तसं नाही हो. हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणला की जो खळगा पडतो, तिथे दाबून दुखत असेल तर डॉक्टरांना स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाची शंका येते. त्याची चीर पहिल्या दिवशी चांगल्यात चांगल्या फिल्मवरही न दिसणं शक्य असतं. काही दिवसांत चिरेच्या कडांचं हाड शरीर शोषून घेतं, फट रुंदावते आणि मग ती दिसते. त्यासाठी आम्ही पंजा करंगळीकडे वळवून वेगळ्या फिल्म घेतो. या हाडाचा रक्तपुरवठा उलटा आहे, बोटांकडच्या टोकातून शिरून मनगटाकडे येणारा. मध्ये चीर पडली की मागच्या तुकड्याचं रक्त तुटतं आणि तो तुकडा मरू शकतो, किंवा हाड जुळतच नाही. ‘एक्सरे नॉर्मल आला’ म्हणून पट्टा काढून कामाला लागलेली माणसं काही महिन्यांनी मनगट धरून येतात तेव्हा वाईट वाटतं. काही डॉक्टर थांबण्याऐवजी लगेच एमआरआय करायला सांगतात, तेही योग्यच. ते आमच्याकडे होत नाही.

प्लास्टर घातल्यावर दर आठवड्याला सांगितलेली फिल्म चुकवू नये, त्याचं कारण थोडं वेगळं. सूज उतरली की प्लास्टर आत सैल होतं आणि जुळवलेलं हाड सरकू शकतं. ते वेळीच कळलं तर परत जुळवता येतं. प्लास्टरवरूनच एक्सरे निघतो. ‘कापून काढा’ म्हणू नका, आम्ही प्लास्टर कापत नाही.

ऑपरेशन झालेलं असेल तर आत काय घातलंय ते विचारून या. एक्सरे काढायची पद्धत त्यावर ठरते. धातूमुळे एक्सरेला काही धोका नाही. लोहचुंबकाचा प्रश्न एमआरआयचा. हाडाच्या पोकळीत सळी घालायची पद्धत जर्मनीतल्या कील शहरी गेरहार्ड कुंट्शर यांनी १९३९ मध्ये सुरू केली. आताच्या सळ्यांना दोन्ही टोकांना आडवे स्क्रू असतात, आणि तुटले तर बहुधा तेच तुटतात. म्हणून सळी पूर्ण दिसली पाहिजे. मांडीचं हाड एका फिल्मवर बऱ्याचदा मावत नाही, दोन लागतात. प्लेट असेल तर ती चिरेवर झाकणासारखी बसते; कोन बदलून प्लेटच्या कडेने बघावं लागतं. बोटात किंवा मनगटात वायर असेल आणि टोकं बाहेर असतील तर पट्टी स्वतः सोडू नका.

इथे एक गैरसमज वारंवार होतो. ओळखीच्या कुणाच्या फिल्ममध्ये हाडाभोवती नवीन हाडाचा गोळा आलेला असतो आणि आपल्यात काहीच नसतं, मग घाबरून फोन येतो. सळी किंवा प्लास्टर असेल तर हाड किंचित हलतं आणि तो गोळा धरतो. प्लेटने घट्ट आवळलेलं हाड गोळा न धरताही जुळतं. दोघांची फिल्म शेजारी ठेवून निकाल लावायचा नसतो.

बाहेरून कड्यांचा सांगाडा असलेल्यांनी सकाळी लवकर आणि सवडीने यावं. सैबेरियातल्या कुर्गानच्या इलिझारोव्ह यांच्या पद्धतीत हाड दिवसाला १ मिलिमीटर वाढवतात, तेही पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. मधल्या फटीत नवीन हाडाच्या ज्या फिकट रेघा उमटतात त्याच बघायच्या असतात, आणि नेमकी कडी आडवी येतात. दोनदा-तीनदा जमवावं लागतं. हाड वाढवायचे नट आम्ही फिरवत नाही, तुम्हीही ते फिरवणं आमच्यासाठी थांबवू नका.

गुडघ्याची झीज बघायची असेल तर एक्सरे उभं राहूनच काढतो. आडवं पडलं की सांध्यातली फट आहे त्यापेक्षा मोठी दिसते. आमच्याकडे धरायला कठड्यासह पायरी आहे.

लहान मुलांच्या बाबतीत बोटाचा नियम कधी फसतो. खुब्याचं दुखणं मुलाला गुडघ्यात जाणवतं. गुडघ्याची चिठ्ठी असताना डॉक्टरांनी खुब्याचाही लिहिला तर ती चूक नव्हे. मुलांच्या वाढत्या हाडांच्या टोकांना मऊ पट्टे असतात आणि ते चिरेसारखे दिसतात. कधी चांगल्या बाजूचाही काढून ताडून बघावं लागतं.

अंगठी, बांगडी, कडं मार लागल्याबरोबर काढा, सूज चढल्यावर निघत नाही. दुखरा भाग चोळू नका, विशेषतः कोपर; चोळल्याने स्नायूत हाड धरण्याची भीती असते. जुन्या फिल्म घेऊन या, मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही, त्यात चीर आणि चकाकी यातला फरक कळत नाही. आमच्याकडे काढलेल्या फिल्म आम्ही जपून ठेवतो, नंबर सांगितला की मिळतात. ‘मोडलंय का तेवढं सांगा’ असं टेबलावरून विचारू नका. आम्हाला काही दिसलं तरी सांगणं डॉक्टरांचं काम आहे, पण घाईचं असेल तर आम्ही त्यांना लगेच कळवतो.

प्लास्टर घातल्यावर किंवा जोराचा मार लागल्यावर दुखणं औषधानेही वाढतच चाललं असेल, बोटं ताणली की कळ असह्य होत असेल, बोटं बधिर, गार किंवा पांढरी पडत असतील, तर आमच्याकडे येऊ नका. एक्सरेत यातलं काही दिसत नाही, आणि स्नायू वाचवायला हातात काही तासच असतात. रात्र असली तरी थेट हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा जवळच्या अपघात विभागात जा.