मेम (मल्टिपल आर्केड मशीन एम्युलेटर)

नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेम यंत्रांची अंतर्रचना सॉफ्टवेअरमध्ये उतरवून जपणारा स्वयंसेवकांचा प्रकल्प. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी तो सुरू केला. आरंभ सामान्यतः 5 फेब्रुवारी 1997 चा धरतात. त्या दिवशी पहिली आवृत्ती निघाली. तथापि साल्मोरिया यांनी 1996 च्या अखेरीस पॅक-मॅनच्या जातीच्या खेळांसाठी ‘मल्टी-पॅक’ हा प्रोग्राम लिहिला होता व मेम त्यातूनच वाढला, म्हणून काही जण उगम तेथवर नेतात. स्पार्केडसारखे एम्युलेटर (एका यंत्राचे काम दुसऱ्यावर हुबेहूब करून दाखवणारे प्रोग्राम) त्याहूनही आधीचे. भिन्न यंत्रे एका चौकटीत बसवण्याचा विचार पाहता 1997 हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

जुनी यंत्रे गंजून मरतात, तशी आतूनही विसरत जातात. खेळाचा प्रोग्राम साठवणाऱ्या ईप्रॉम या स्मृती-चिपमधील माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार वर्षानुवर्षे झिरपत राहतो. चिपच्या काचेच्या खिडकीवरचा कागद निघून पडला, तर अतिनील प्रकाशानेही ती पुसली जाते. म्हणून चिप वेळीच वाचून तिची नक्कल करून ठेवणे (‘डम्प’ घेणे) हे पहिले काम.

कॅपकॉम या जपानी गेम कंपनीच्या सीपीएस-2 (1993) या खेळयंत्राच्या सर्किट बोर्डाने या कामाची खरी कसोटी पाहिली. त्यातील प्रोग्राम कूटबद्ध असे आणि तो उलगडणारी किल्ली बॅटरीवर तगणाऱ्या स्मृतीत असे. बॅटरी संपली की किल्ली जाई आणि एरवी धडधाकट बोर्ड मुका होई. जाणकार तिला ‘आत्मघाती बॅटरी’ म्हणतात. सीपीएस-2 शॉक या गटाने 2001 च्या सुरुवातीस चालू बोर्डाकडूनच उलगडलेली माहिती काढून घेतली व खेळागणिक उलगड्याचे तक्ते प्रसिद्ध केले. मात्र कूटबद्ध करण्याची मूळ रीत गूढच होती, त्यामुळे प्रत्येक खेळासाठी जिवंत बोर्ड शोधावा लागे. 2007 मध्ये साल्मोरिया आणि ‘अँड्रियास नाइव्ह’ या टोपणनावाचे अभ्यासक यांनी ती उकलली : चार-चार फेऱ्यांची दोन फाइस्टेल जाळी (माहितीचे दोन भाग करून ते फेरीफेरीने एकमेकांत मिसळण्याची कूटपद्धत) व 64 बिटांची किल्ली. मेलेल्या बोर्डात किल्ली पुन्हा भरण्याची रीत 2016 मध्ये इतर स्वयंसेवकांनी दाखवली.

जी चिप बाहेरून वाचताच येत नाही, तिचे कवच नायट्रिक आम्लात विरघळवून आतल्या सिलिकॉनची सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेतात. काही वेळा स्वयंसेवकांनी त्यांतले ठिपके डोळ्यांनी पाहून 0 आणि 1 हाताने टिपले आहेत. इतक्या चिकाटीचे, विनामोबदला श्रम संग्रहालयांच्या इतिहासातही क्वचितच आढळतील.

मेम हे खेळण्याचे साधन की जतनाचे, याविषयी मतभेद आहे. प्रकल्पाची स्वतःची भूमिका अशी की हार्डवेअरचे वर्तन नोंदवणे हा हेतू. खेळ चालणे हा ती नोंद बरोबर असल्याचा पुरावा. प्रोग्रामची मूळ संहिता (सोर्स कोड) वाचायला खुली असल्याने ही भूमिका पटण्याजोगी आहे. गृह-संगणक व कन्सोल यांच्यासाठीचा मेस हा प्रकल्प 2015 मध्ये मेममध्ये विलीन झाला. 2016 पासून मेम मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली आहे.

व्यावसायिक खेळांच्या प्रती मेमबरोबर मिळत नाहीत. त्यांचे स्वामित्वहक्क कंपन्यांकडे आहेत. अमेरिकेत 2010 पूर्वी निघालेल्या खेळांपैकी सुमारे 87 टक्के बाजारात उपलब्ध नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023 च्या पाहणीत दिसले. तरीही असे खेळ अभ्यासकांना ग्रंथालयाबाहेरून पाहू देण्याची सवलत अमेरिकी स्वामित्वहक्क कार्यालयाने 2024 मध्ये नाकारली.