गुन्हा कोणाचा आणि शिक्षा किती : अलीकडच्या न्यायनिर्णयांविषयी पक्षकारांसाठी माहितीपत्रक

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आमचे बहुतेक पक्षकार आंबा-काजू बागायतदार, नौकामालक, वाहनमालक, होमस्टे चालवणारे किंवा मुंबईत नोकरी करून गावची जमीन सांभाळणारे चाकरमानी आहेत. फौजदारी न्यायालयाची पायरी त्यांना चढावी लागते ती बहुधा न वटलेला चेक, रस्त्यावरचा अपघात, गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, झालेली मारामारी किंवा फिसकटलेल्या व्यवहारातून आलेली फसवणुकीची फिर्याद यांपैकी एखाद्या कारणाने. या विषयांवरील सर्वोच्च न्यायालयाचे अलीकडचे निर्णय एकत्र वाचले, तर न्यायालय प्रत्येक आरोपीने स्वतः नेमके काय केले हे वेगळे तपासते आणि दोष सिद्ध झाल्यावर शिक्षा ठरवताना त्याची परिस्थिती व मधल्या काळातील वागणूकही पाहते, असे दिसते. म्हणूनच वकिलाकडे केव्हा आलात आणि कोणते कागद घेऊन आलात, याला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे.

कोणता कायदा लागू होतो, हे आधी पाहावे लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तथापि संविधानाच्या अनुच्छेद २० (१) नुसार गुन्हा घडला त्या वेळी लागू असलेल्या कायद्यात सांगितलेल्या शिक्षेपेक्षा अधिक शिक्षा देता येत नाही, त्यामुळे त्या तारखेपूर्वीच्या घटनेचा खटला आज उभा राहिला तरी त्याला जुनी कलमे आणि जुन्याच शिक्षा लागू राहतात.

न वटलेला चेक

आमच्या कार्यालयात येणाऱ्या फौजदारी कामांत ही प्रकरणे सर्वांत जास्त असल्यामुळे त्यांविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कारावास, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे देण्याची संधी आणि ती मुदत संपल्यावर एका महिन्यात फिर्याद, हे वेळापत्रक बदललेले नाही.

बदल झाला आहे तो तडजोडीच्या खर्चात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पहिल्या एक-दोन तारखांनंतर तडजोड केल्यास दंडाधिकाऱ्यांसमोर चेकच्या रकमेच्या १० टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात १५ टक्के आणि सर्वोच्च न्यायालयात २० टक्के रक्कम विधी सेवा प्राधिकरणाकडे भरावी लागत असे. गोव्यातील एका प्रकरणाच्या अपिलात २५ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे प्रमाण कमी केले. आता बचावाचा पुरावा नोंदवण्यापूर्वी चेकची रक्कम भरली तर जादा काहीच द्यावे लागत नाही, त्यानंतर पण निकालापूर्वी भरल्यास ५ टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात ७.५ टक्के आणि सर्वोच्च न्यायालयात १० टक्के द्यावे लागतात. चार लाखांच्या चेकवर हा जादा खर्च निकालापूर्वी २०,००० आणि सत्र न्यायालयात ३०,००० रुपये होतो, आणि त्यात वकिलाची फी व प्रत्येक तारखेला गाडीभाडे घालून बुडालेला दिवस धरलेला नाही. फिर्यादी चेकच्या रकमेवर तडजोडीस तयार नसेल आणि संपूर्ण कर्जफेडच मागत असेल, तर आरोपीला गुन्हा कबूल करण्याचे सुचवून दंडाधिकारी त्याला अपराधी परिवीक्षा अधिनियमाचा, म्हणजे प्रोबेशनचा, लाभ देऊ शकतात, असेही त्या निर्णयात म्हटले आहे. पैसे देण्याची तयारी असूनही केवळ समोरच्या पक्षाच्या अडमुठेपणामुळे अडकलेल्या माणसासाठी ही मोठी सोय आहे.

त्याच निर्णयाने आणखी एक गैरसमज दूर केला. वीस हजारांहून अधिक रक्कम रोखीने उसनी दिली असेल तर ती वसूलच करता येत नाही, असा बचाव आपल्याकडे सर्रास घेतला जातो. अशा व्यवहाराबद्दल आयकर कायद्याखाली दंड होऊ शकतो, परंतु तेवढ्याने ते कर्ज बेकायदा ठरत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

दलालाकडून हंगामाआधी उचल घेताना बागायतदार सही केलेला कोरा चेक देतात आणि पुढे पेट्यांच्या हिशेबातून उचल फिटत जाते, पण चेक मात्र दलालाच्या कपाटातच राहतो. कोऱ्या चेकवरची सही मान्य असेल तर तो देणे फेडण्यासाठीच दिला असे न्यायालय गृहीत धरते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते, हे २०१९ च्या निर्णयाने पक्के झाले आहे. दुसऱ्या बाजूने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली गेली असेल, तर तशी नोंद चेकवर करून उरलेल्या रकमेपुरताच तो वटवण्यास टाकला पाहिजे, आणि पूर्ण रकमेसाठी टाकलेला चेक परत आल्यास कलम १३८ चा गुन्हा होत नाही. म्हणून दलालाने दिलेली हिशेबाची प्रत्येक पट्टी, प्रत्येक पावती आणि बँकेत जमा झालेल्या प्रत्येक रकमेचा उतारा जपून ठेवावा. या प्रकरणांत निकाल फिरतो तो अशाच चिठ्ठ्याचपाट्यांवर.

जबाबदारी कोणाची, याविषयीही एक निर्णय लक्षात ठेवण्याजोगा आहे. पती-पत्नीचे संयुक्त खाते असले तरी चेकवर ज्याची सही आहे तोच आरोपी होतो आणि केवळ खात्यावर नाव आहे म्हणून दुसऱ्यावर फिर्याद चालत नाही, असे मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. भागीदारी संस्था आणि कंपनी यांचा नियम वेगळा आहे. तेथे व्यवसायाचा कारभार प्रत्यक्ष पाहणारा भागीदार किंवा संचालक सही नसतानाही जबाबदार धरला जाऊ शकतो, मात्र तो कारभार पाहत होता हे फिर्यादीत स्पष्ट मांडलेले असावे लागते.

फसवणूक की केवळ करारभंग

जमिनीचा विसार घेतला आणि खरेदीखत केले नाही, किंवा बोटीच्या इंजिनासाठी पैसे दिले आणि इंजिन वेळेत आले नाही, की लगेच फसवणूक आणि विश्वासघात ही दोन्ही कलमे लावावीत अशी मागणी होते. ही दोन्ही कलमे एकाच व्यवहाराला एकाच वेळी लागू शकत नाहीत, असे ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आणि पोलीस व दंडाधिकारी ती यांत्रिकपणे लावतात याबद्दल नाराजीही व्यक्त केली. फसवणुकीत पहिल्या दिवसापासूनच लबाडीचा हेतू असावा लागतो. विश्वासघातात वस्तू किंवा पैसा आधी रीतसर सोपवलेला असतो आणि नंतर त्याचा अपहार होतो. मालाचे पैसे थकले, एवढ्यावर यांपैकी एकही गुन्हा होत नाही आणि त्यासाठी दिवाणी दावाच करावा लागतो, हे आम्ही पक्षकारांना सांगतो तेव्हा ते त्यांना फारसे रुचत नाही.

वाहन आणि नौका

मुंबई-गोवा महामार्गाचे काम अनेक वर्षे रेंगाळले असताना अपघातांची प्रकरणे येत राहणे स्वाभाविक आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास जुन्या कलम ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंत कारावास होता. न्याय संहितेच्या कलम १०६ (१) खाली तो आता पाच वर्षांपर्यंत आहे. अपघात करून कोणालाही न कळवता पळून जाणाऱ्यासाठी दहा वर्षांची तरतूद असलेले कलम १०६ (२) वाहनचालकांच्या विरोधानंतर लागू करण्यात आलेले नाही. तरीही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत, पोलिसांना कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहेच. जमावाच्या भीतीने थांबता आले नाही, तर थेट जवळचे पोलीस ठाणे गाठावे.

मृताच्या वारसांना पैसे दिले की शिक्षा घटते, अशी समजूत आहे. पंजाबातील एका प्रकरणात दोन वर्षांची शिक्षा उच्च न्यायालयाने आठ महिन्यांवर आणली होती. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून मूळ शिक्षा कायम केली. भरपाईची दखल न्यायालय घेते, परंतु ती शिक्षेची जागा घेत नाही.

चालकाच्या निष्काळजीपणाबद्दल गाडीमालक फौजदारीत आपोआप गुन्हेगार ठरत नाही, कारण दुसऱ्याच्या कृत्याची जबाबदारी कायद्याने स्पष्टपणे टाकल्याशिवाय फौजदारीत येत नाही. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणे हा त्याला ठळक अपवाद आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ खाली पालक किंवा गाडीमालक यांना तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. दहावीतल्या मुलाला क्लासला जाण्यासाठी स्कूटी देणाऱ्या घरांनी हे जरूर वाचावे.

मालवण, तारकर्ली, दापोली भागांत पर्यटकांना बोटीतून नेणाऱ्यांसाठी न्याय संहितेची दोन कलमे महत्त्वाची आहेत. बेदरकारपणे नौका हाकणे (कलम २८२) आणि जास्त माणसे भरलेल्या किंवा असुरक्षित नौकेतून भाड्याने प्रवासी नेणे (कलम २८४) हे दोन्ही सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासाचे गुन्हे असून, त्यासाठी प्रत्यक्ष अपघात व्हावाच लागतो असे नाही.

गडग्यावरची भांडणे

वाडीत गडगा किंवा पाखाडीवरून (दगडी पायवाटेवरून) मारामारी झाली की फिर्यादीत समोरच्या घरातील म्हाताऱ्या आजीपासून मुंबईहून गणपतीला आलेल्या पुतण्यापर्यंत सर्वांची नावे येतात आणि बेकायदा जमावाचे कलम लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये बिहारमधील एका गावातील जमिनीच्या वादातून उद्भवलेल्या जुन्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, घटनास्थळी केवळ हजर असण्याने कोणी बेकायदा जमावाचा सदस्य होत नाही आणि बघ्यांना आरोपी करण्याचा धोका अशा प्रकरणांत नेहमीच असतो. तुमच्या बाबतीत असे झाले असेल तर त्या दिवशी तुम्ही कोठे होता हे दाखवणारे तिकीट, हजेरीपट किंवा दवाखान्याचा कागद लगेच मिळवून ठेवा.

अटक आणि नोटीस

मुंबईतील वरळी येथील अपघाताच्या प्रकरणातून निघालेल्या ६ नोव्हेंबर २०२५ च्या निर्णयानुसार अटकेची कारणे प्रत्येक गुन्ह्यात लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. ती लगेच देणे शक्य नसेल तर तोंडी सांगून, कोठडीसाठी न्यायालयापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यावी लागतात. आपल्याकडे बागेची राखण करणारे आणि बोटीवरचे खलाशी पुष्कळदा नेपाळचे असतात. मराठी न समजणाऱ्या अशा माणसाच्या हाती मराठी कागद देणे पुरेसे नाही, हे त्यांच्या मालकांनी ध्यानात ठेवावे.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालची पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२५ चा आदेश आहे. चेकच्या प्रकरणातील समन्स मात्र ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवरून येऊ शकते. ते आलेच नाही असे समजून गप्प बसू नये.

शिक्षेची सुनावणी

दोषी ठरवल्यानंतर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकणे न्यायालयावर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात आरोपी हात जोडून ‘दया करावी’ म्हणतो आणि रोजनाम्यात तेवढे एक वाक्य पडते. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा ही सोडतीसारखी नशिबावर अवलंबून नसावी असे नमूद करून केंद्र सरकारला शिक्षाविषयक धोरणाचा विचार करण्यास सुचवले. त्याहून पक्षकारांच्या रोजच्या उपयोगाचा निर्णय एप्रिल २०२५ चा आहे. प्रोबेशनचा लाभ देता येण्याजोगा गुन्हा असेल तर न्यायालयाने त्याचा विचार केलाच पाहिजे आणि लाभ नाकारायचा असेल तर कारणे द्यावीत, असे त्यात म्हटले आहे. त्यामुळे निकालाच्या तारखेला घरच्या अवलंबितांचे आणि आजारपणाचे कागद, नोकरीचा दाखला, पूर्वी शिक्षा झालेली नसल्याचे प्रतिज्ञापत्र आणि भरपाई जमा केल्याची पावती सोबत आणावी. सरकारी नोकरीत असलेल्यांनी किंवा तिची वाट पाहणाऱ्यांनी अपराधी परिवीक्षा अधिनियमाचे कलम १२ आमच्याकडून विशेष समजून घ्यावे, कारण दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेपासून ते काही प्रमाणात संरक्षण देते.

खटला चालू असताना काढलेले तुरुंगातील दिवस शिक्षेतून वजा होतात. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ त्याच्या सुटकेचा मार्ग मोकळा करते. ऑगस्ट २०२४ च्या आदेशानुसार १ जुलै २०२४ पूर्वीच्या प्रकरणांनाही ते लागू आहे, मात्र फाशी किंवा जन्मठेपेस पात्र गुन्हे आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेले आरोपी त्यातून वगळले आहेत.

दंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिल्यास सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील करावे लागते. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर अपील दाखल करेपर्यंत शिक्षा देणारे न्यायालयच त्याला जामिनावर सोडू शकते. त्यासाठीचा अर्ज त्याच दिवशी करावा लागतो, म्हणून निकालाला येताना जामीनदार आणि त्याचा ताजा सातबारा सोबत असावा. पुढे उच्च न्यायालयात जाण्याची वेळ आली, तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांची प्रकरणे १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (उच्च न्यायालयाच्या तेथील खंडपीठाकडे) जातात. रायगड जिल्ह्यातील पक्षकारांना मात्र पूर्वीप्रमाणे मुंबईलाच जावे लागेल.