गोड्या पाण्यातील सूक्ष्मजीव आणि आर्सेनिक

नद्या, तळी व भूजलातील जीवाणू आणि शैवाले आर्सेनिकचे एका रासायनिक रूपातून दुसऱ्या रूपात सतत परिवर्तन करत असतात. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे, त्यामुळे ते नष्ट करणे कोणत्याही जीवाला शक्य नाही. सूक्ष्मजीव आर्सेनिक ‘खाऊन टाकतात’ असे सर्रास छापले जाते, ते दिशाभूल करणारे आहे.

ऑक्सिजनयुक्त पाण्यात आर्सेनिक प्रामुख्याने आर्सेनेटच्या, तर ऑक्सिजनविरहित गाळात आर्सेनाइटच्या रूपात आढळते. आर्सेनेटची रेणूरचना फॉस्फेटसारखी असल्यामुळे पेशी फसते: फॉस्फेटच्या वाटेने ते आत शिरते आणि एटीपी हे पेशीचे ऊर्जावाहक संयुग तयार होण्यात अडथळा आणते. पाण्यात फॉस्फेटचा तुटवडा असेल तर शैवाले आर्सेनेट अधिकच ओढून घेतात. आर्सेनाइट त्याहून घातक. ते प्रथिनांमधील गंधकयुक्त गटांना घट्ट चिकटते.

गंमत अशी, की बहुतेक जीवाणू बचावासाठी आधी आर्सेनेटचे क्षपण करून (म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन) हेच घातक आर्सेनाइट बनवतात. पेशीपटलातील पंप बाहेर फेकतात ते आर्सेनाइट, आर्सेनेट नव्हे. हे काम ‘आर्स’ जनुकसमूहाकडे असते. एरवी आर्स-आर हे प्रथिन डीएनएवर बसून या जनुकांना गप्प ठेवते. आर्सेनाइट चिकटताच ते डीएनएवरून सुटते, मग आर्स-सी हे विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) क्षपण करते आणि आर्स-बी हा पंप विष बाहेर टाकतो. शैवालांत मिथिलीकरण, म्हणजे आर्सेनिकला मिथिल गट जोडणे, आणि आर्सेनोशर्करांची (आर्सेनिकयुक्त शर्करांची) निर्मितीही होते. मिथिलीकरणाने विषारीपणा हमखास घटतो असे मात्र नाही. आर्सेनिकची संयुजा तीन असलेली, म्हणजे त्रिसंयुजी, मिथिल संयुगे आर्सेनाइटपेक्षाही जहाल असतात.

काही जीवाणूंना आर्सेनिकपासून ऊर्जाच मिळते. ऑक्सिजनऐवजी आर्सेनेटवर श्वसन करणारा जीवाणू अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या गोड्या पाण्याच्या गाळातून वेगळा केल्याचे 1994 मध्ये जाहीर झाले. याउलट, आर्सेनाइटचे ऑक्सिडीभवन करून (म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉन काढून घेऊन) त्यावर जगणारे जीवाणूही आहेत.

गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशातील भूजलप्रदूषणात सूक्ष्मजीवांचा मोठा वाटा आहे. गाळातील सेंद्रिय पदार्थांवर जगणारे जीवाणू लोहाच्या ऑक्साइडांचे क्षपण करतात. ती विरघळली, की त्यांना चिकटलेले आर्सेनिक पाण्यात मिसळते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. शुद्धीकरणात आर्सेनाइट त्रासदायक ठरते, कारण सामान्य पाण्यात त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो आणि बऱ्याच गाळण-माध्यमांना ते नीट चिकटत नाही. ऑक्सिडीभवन करणारे जीवाणू वाळूच्या गाळणीत वाढू दिले, तर ते त्याचे आर्सेनेट करतात आणि ते लोहाच्या कणांवर अडकते. अशा गाळणीतला आर्सेनिकयुक्त गाळ मात्र जपूनच टाकावा लागतो.